खांब क्रमांक ३१७

टोलेडोत मार्चमधला बर्फ काळा असतो.
फुटपाथच्या कडेला त्याचे ढीग,
एका ढिगात कुणाचा तरी हातमोजा, बोटं वर करून.
रात्रीचे अकरा चाळीस.
मी टिल्डन स्ट्रीटवर, इर्मा साबोंच्या खिडकीखाली,
एका हातात मोजपट्टी, दुसऱ्यात घड्याळ.

खिडकीपासून दारूच्या दुकानाच्या दारापर्यंत
एकशे बारा फूट.
तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा कुत्रं भुंकलं.

मधोमध खांब क्रमांक तीनशे सतरा.
जुनाट पिवळा दिवा, तापला की विझणारा,
निवला की पुन्हा पेटणारा.
चार मिनिटं उजेड. अडीच मिनिटं काही नाही.
थर्मास रिकामा होईपर्यंत मी मोजत राहिले.

पोलिसांच्या कागदावर होतं : प्रकाश पुरेसा.
ते दुपारी आले होते.

लव्हेल पेटिवे, वय एकोणीस, काचेपलीकडे.
फोनची तार बोटाला गुंडाळत विचारतो,
बहिणीची गणिताची परीक्षा कशी गेली.
मी त्याला कधी विचारलं नाही, तू केलंस का.
तो प्रश्न आमच्या ऑफिसात
कपाटावर विसरलेल्या छत्रीसारखा.
कुणाची ते ठाऊक नाही, पाऊस आला तरी कुणी उचलत नाही.

इर्माबाईंनी पहिल्यांदा दार उघडलंच नाही.
दुसऱ्यांदा साखळी लावून.
तिसऱ्यांदा, बस म्हणाल्या, सूप गरम आहे.
चहा ओतताना कप भरला, बशी भरली,
टेबलक्लॉथवरची फुलं भिजली,
त्या ओततच होत्या.
मी काही बोलले नाही. लिहून घेतलं.
म्हणाल्या, नवरा गेल्यापासून
या सोफ्यावर कुणी बसलं नव्हतं, बघ.
ते दोघे हवालदार बसले. किती तरुण.
मी बोलत होते आणि ते लिहून घेत होते.

मीही लिहूनच घेत होते.
त्यांनी सही केली.
सही रेघ सोडून खाली उतरली.

इथवर सगळं ठीक होतं.

मग लाँड्रीतली क्विंटेला.
तिला पोलिसांनी काही विचारलं नव्हतं, मला विचारायची गरज नव्हती,
मी फक्त सुट्टे नाणे मागायला आत गेले होते.
लव्हेल? पेटिव्यांचा? त्या रात्री इथूनच पळत गेला की,
एका पायात बूट नव्हता.
ट्यूबलाइटखाली. सहा फुटांवरून.
तिच्यामागे ड्रायर फिरत होता,
कुणाची तरी चादर काचेवर येऊन येऊन आपटत होती.
म्हणाली, त्याची आई माझ्या चर्चमधली.
हे त्याच्या कामी येईल ना?

मी पेनाला टोपण लावलं.
नाणी मोजून घेतली. आभार मानले.

पिंकस वकिलांनी आधी दार लावून घेतलं.
तोंडी सांग, म्हणाले.
तोंडी सांगितलं. एका वाक्यात बसलं.
ते बराच वेळ पार्किंगकडे बघत राहिले, तिथे काहीच नव्हतं.
मग म्हणाले, दिव्याचं रेकॉर्ड मागव महापालिकेकडून.
आलं. दोन वर्षांत अकरा तक्रारी.
मोठं छाप, म्हणाले,
ज्युरीच्या मागच्या रांगेला दिसलं पाहिजे.

माझा अहवाल नऊ पानांचा.
त्यात कुत्रंसुद्धा आहे.

एप्रिलमध्ये पुन्हा गेले, फोटो हवे होते.
खांब तोच, दिवा नवा,
पांढरा, हट्टी, न मिटणारा.
माझा अर्ज वाचून कुणीतरी कामाला लागलं असणार.
सगळं दिसत होतं आता :
दुकानाचं दार, दारावरची जाळी,
बर्फ वितळून गटाराशी आलेला तो हातमोजा.
मी उगीचच दुसरं काही शोधत होते, त्याच्या आसपास,
एखादा बूट वगैरे.

वर खिडकीत इर्माबाई.
मी हात हलवला.
त्यांनीही हलवला, जरा उशिरा,
जरा बाजूला,
खांबाकडे बघून.